दोन लहान मुलांना घेऊन जळगाव ते तोरणमाळ : एका मुक्कामाच्या सहलीची नीट आखणी

प्रश्न थोडक्यात असा : जळगावहून स्वतःच्या पाच सीटच्या गाडीने डिसेंबरात तोरणमाळ या सातपुड्यातल्या थंड हवेच्या ठिकाणी जायचं, एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी परत. सोबत पाच वर्षांची मुलगी, पावणेदोन वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या आजी. मुलीला गाडी लागते. पहाटे चारला निघून वाटेत सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, प्रकाशाची तापीकाठची देवळं आणि उनपदेवचं गरम पाणीही करायचं आहे. हे जमेल का आणि तयारी काय लागेल?

तोरणमाळ जमेल, आणि डिसेंबर हा त्याचा चांगला महिना आहे. पण पहाटे चारला निघणं आणि वाटेतली तीन ठिकाणं, हे दोन्ही बेतातून काढा. लहान मुलांच्या सहलीत अंतर मोजायचं ते किलोमीटरमध्ये नाही. मूल एका जागी किती वेळ बसू शकतं, त्याची झोप कधी असते आणि पोटात काय आहे, यावर दिवस आखायचा. बाकीचं सगळं यामागून येतं.

आधी रस्ता. जळगावहून विदगावचा तापीवरचा पूल ओलांडून चोपडा, तिथून बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याने शिरपूर, मग शहादा, आणि शहाद्याहून म्हसावद, राणीपूरमार्गे वर तोरणमाळ. चारही टप्पे साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटरचे, म्हणजे एकूण दोनशे ते दोनशेवीस. धुळ्यावरून महामार्गाने शिरपूर गाठता येतं, पण अंतर तीस-चाळीस किलोमीटरने वाढतं. चोपड्याचा रस्ता खराब असल्याचं कळलं तरच तो पर्याय घ्यावा. सपाटीवर गावं, गतिरोधक आणि ट्रॅक्टर धरून ताशी ४५ चा सरासरी वेग पकडा, शेवटच्या टप्प्यात ३०. म्हणजे निव्वळ गाडी चालवणं पाच तासांच्या थोडं वर आणि थांबे दीड तास. साडेसहा तासांची ही चाल आहे. कुणी 'चार तासांत पोचतो' म्हणालं तर तो लहान मुलांशिवाय गेलेला असतो.

पहाटे चारला का नाही? मुलं झोपेत असतात म्हणून रस्ता सुखाचा जातो, असं सगळे सांगतात. पण डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. चारला निघालात तर तीन तास अंधारात जातात, आणि याच दिवसांत चोपडा-शिरपूर-शहादा पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या, कापसाने फुगलेल्या गाड्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. ट्रॉलीला मागचा दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो आणि समोरच्या वाहनाचा प्रखर दिवा डोळ्यांवर आला की पुढची ट्रॉली दिसतच नाही. नदीकाठच्या भागात धुकंही असतं. शिवाय चारला निघायचं म्हणजे गाडी चालवणारा तीनला उठणार आणि आदल्या रात्री बांधाबांधीत अकरा वाजलेले असणार. चार तासांच्या झोपेवर घाट चढू नये. साडेसहाला, उजाडायला लागल्यावर निघा.

त्या हिशेबाने पावणेआठ-आठला चोपडा. तिथे अर्धा तास : नाश्ता, शी-शू, मुलांना पायावर पळू देणं. पावणेदहाच्या आसपास शिरपूरला पंधरा मिनिटं. सव्वाअकराला शहादा, तिथे पाऊण तास. बाराला घाटाकडे, आणि एक-दीडपर्यंत वर. धाकट्याची दुपारची झोप शहाद्यानंतर गाडीतच लागेल, ती लागू द्या. झोपलेल्या मुलाला सहसा गाडी लागत नाही. एकच पाळा : दोन वर्षांच्या आतलं मूल सलग दोन तासांपेक्षा जास्त सीटमध्ये बांधून ठेवू नका. ते झोपलेलं असलं तरी दोन तासांनी थांबून बाहेर काढा, आडवं करा.

ऊन कुठल्या बाजूने येतं तेही आधीच ठरवता येतं. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. चोपड्यापासून शहाद्यापर्यंत तुम्ही पश्चिमेकडे जाता, तेव्हा ऊन डाव्या काचेवर, आणि परतताना उजव्या. सकाळी सूर्य पाठीशी आणि दुपारी परततानाही पाठीशी, म्हणजे चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही. हा या रस्त्याचा मोठा फायदा आहे. उन्हाच्या बाजूच्या मागच्या दाराच्या काचेत पातळ सुती कापड वरून अडकवा. चालकाचे आरसे आणि मागची काच मात्र मोकळी हवी.

आता बसायची जागा, कारण पाच सीटच्या गाडीत सगळं अडतं ते इथेच.

मुलांना मांडीवर घेऊन नेऊ नका. ताशी ५० च्या वेगात गाडी एकदम थांबली तर १० किलोचं मूल त्या क्षणी साधारण २०० किलोंच्या ओढीने पुढे जातं. ते कुणाच्याही हातांनी धरलं जात नाही. मांडीवर घेऊन दोघांना एकच पट्टा लावणं त्याहून वाईट, कारण मोठ्या माणसाचं वजन पट्ट्यासकट मुलावर येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातही १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर १००० रुपये दंड आहे.

पावणेदोन वर्षांच्या मुलासाठी पाच पट्ट्यांची चाइल्ड सीट लागेल. त्या सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत मूल बसत असेल तर ती मागे तोंड करून लावा. पाय दुमडले जातात म्हणून लोक घाईने पुढे तोंड करतात, पण दुमडलेल्या पायांनी काही बिघडत नाही. या वयात डोकं जड आणि मान कच्ची असते. समोरून धडक बसली तर मागे तोंड असलेल्या मुलाची मान सीटच्या पाठीवर तोलली जाते, पुढे तोंड असेल तर ती झटक्याने ओढली जाते. पुढच्या सीटवर, जिथे एअरबॅग चालू आहे तिथे, अशी सीट कधीही लावू नका. पाच वर्षांच्या मुलीचं वजन सोळा-अठरा किलो धरलं तर तिला उंच पाठीची बूस्टर सीट हवी. नुसती उशी देऊन गाडीचा पट्टा लावला तर तो गळ्यावर आणि पोटावर येतो. तो खांद्याच्या मध्यावरून आणि मांड्यांच्या वरच्या हाडावरून जायला हवा.

गाडीत आयसोफिक्सचे, म्हणजे बालआसन पट्ट्याशिवाय थेट गाडीला अडकवायचे, हूक असतील तर सोपं. नसतील तर गाडीच्या पट्ट्याने सीट अशी बसवा : सीट जागेवर ठेवून तिच्या बैठकीत गुडघा टेकवा आणि अंगाचं वजन द्या. पट्टा त्यासाठी दिलेल्याच खाचेतून ओवा, कुलूप लावा आणि वजन तसंच ठेवून पट्ट्याचा ढील खेचून काढा. मग पट्टा जिथून जातो त्या जागी सीट धरून जोरात हलवा. इंचभराहून जास्त हलली तर परत काढून लावा. मुलाला बसवल्यावर खांद्याच्या हाडावर पट्टा चिमटीत धरून पाहा. चिमटीत घडी आली तर पट्टा सैल आहे. मागे तोंड असेल तर खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघायला हवेत, पुढे तोंड असेल तर रेषेत किंवा किंचित वरून.

डिसेंबरातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे जाड स्वेटर किंवा जॅकेट घालून वरून पट्टा आवळणं. पट्टा घट्ट वाटतो, पण धडकेत कापूस दबतो आणि पट्टा दोन-तीन बोटं सैल होतो. पातळ पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, पट्टा आवळा, आणि वरून शाल किंवा आजीची गोधडी पांघरा. ऊब तितकीच मिळते, आणि ऊन चढल्यावर काढायलाही सोपं पडतं.

प्रश्न उरतो तो दोन सीट्सच्या मध्ये मोठं माणूस मावतं का याचा. घरातला टेप घ्या आणि मागच्या बैठकीची रुंदी मोजा. छोट्या गाडीत ती सव्वाशे-एकशेतीस सेंटीमीटरच्या आसपास भरते. दोन बालआसनं मिळून ८८ ते ९० घेतात. उरलेल्या चाळीस सेंटीमीटरमध्ये सडपातळ माणूस साडेसहा तास कसाबसा बसेल, आणि मधल्या जागेला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का हेही पाहावं लागेल. आजींना पुढे बसवा, मधली जागा आईने घ्यावी. निघण्याच्या आठवडाभर आधी दोन्ही सीट्स लावून घरापासून मेहरूण तलावापर्यंत एक चक्कर मारून पाहा. जमलं नाही तर ओळखीच्यांची सात सीटची गाडी दोन दिवसांसाठी घेणं शहाणपणाचं आहे. कुणीतरी मूल मांडीवर घेऊन भागवेल, हा तोडगा नाही.

गाडी लागण्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सहल बिघडते ती बहुतेक याच पायी. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा अवयव असतो. गाडी वळते, चढते, थांबते हे त्याला कळतं. पण मूल खाली मान घालून मोबाइल किंवा चित्रांचं पुस्तक पाहत असेल तर डोळे मेंदूला सांगतात की काही हलत नाही. या विसंगतीतून मळमळ येते. दोन वर्षांच्या आत हे क्वचित होतं, दोन ते बारा या वयात सगळ्यात जास्त. म्हणून तुमचा धाकटा बहुधा ठीक राहील आणि मुलगीच घाटात हैराण होईल.

तिला खिडकीपाशी असं बसवा की समोरच्या काचेतून रस्ता दिसेल. बूस्टरची उंची इथे उपयोगी पडते. शहाद्यापासून वर मोबाइल पूर्ण बंद. गाणी, कोडी, 'डोंगरावर पहिलं कोण पाहतं' असे दूर नजर ठेवणारे खेळ चालतील. पुढच्या दाराची काच दोन बोटं उघडी ठेवा, एसीची हवा तोंडावर येऊ द्या. गाडीत अत्तर, उदबत्तीच्या वासाची डबी, पिकलेली केळी किंवा भरीत उघडं ठेवू नका. वासाने मळमळ झपाट्याने वाढते. रिकाम्या पोटी नेणं हाही उपाय नाही. रिकाम्या पोटी पित्त वर येतं आणि मूल जास्त थकतं. घाटाच्या तासभर आधी शहाद्यात कोरडं, कमी तेलाचं, मूठभर खाणं द्या : दशमी, मुरमुरे, राजगिऱ्याचा लाडू. दूध, पुरी-भाजी, चिप्स, आंबट सरबत देऊ नका.

औषध द्यायचं असेल तर आठवडाभर आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना वजन सांगून लिहून घ्या. ते साधारण निघण्याच्या अर्धा-एक तास आधी द्यावं लागतं. उलटी सुरू झाल्यावर त्याचा उपयोग नाही. आदल्या एखाद्या दिवशी घरीच एकदा देऊन पाहा, कारण काही मुलं त्याने झोपण्याऐवजी उलट चिडचिडी होतात. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून देणं धोक्याचं. अशा औषधांपैकी प्रोमेथाझिन तर दोन वर्षांखालच्या मुलाला देऊच नये, श्वास मंदावतो.

चालवणाऱ्याच्या हातात औषधाइतकंच आहे. वळणाआधी वेग कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका, आणि वळण संपल्यावर हळूच वेग द्या. मुलाच्या पोटात ढवळतं ते वळणापेक्षा या सततच्या ब्रेक-ॲक्सिलरेटरच्या धक्क्यांनी. राणीपूर सोडलं की चढ लागतो आणि पुढे सातपायरी घाटाची लागोपाठची वळणं येतात. तिथे दुसरा गिअर धरून एका लयीत चढा. मुलगी गप्प झाली, जांभया देऊ लागली, ओठांभोवती पांढरी पडली किंवा तोंडात पाणी येतंय म्हणाली, की उलटीला पाच-दहा मिनिटंच उरली आहेत असं समजा आणि रुंद जागा पाहून लगेच थांबा. 'आलंच आता' म्हणून पुढे रेटू नका. खाली उतरवून दहा मिनिटं दूरच्या डोंगराकडे पाहत उभं केलं तर पुष्कळदा उलटी टळते.

तरी उलटीची पिशवी आईच्या पायाशी हवीच : एकात एक घातलेल्या, भोक नसलेल्या चार प्लास्टिक पिशव्या, एक जुना टॉवेल, ओलं फडकं, मुलीचा एक पूर्ण कपड्यांचा जोड आणि लहान डबीत खाण्याचा सोडा. सीटवर सांडलं तर पुसून सोडा भुरभुरवा, वीस मिनिटांनी झटका, वास बराच ओढला जातो. उलटीनंतर लगेच गटागटा पाणी पाजलं की तेही बाहेर येतं. दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग चमचा-चमचा पाणी.

खाण्याचा डबा घरूनच न्या. दोन दिवसांची पोरांची सोय दशम्यांवर होते. बाहेरची शेवभाजी आणि काळ्या मसाल्याचा रस्सा मोठ्यांसाठी ठीक, लहान मुलांच्या पोटाला तो तिखटपणा झेपत नाही. तीन वाट्या कणकेला एक वाटी किसलेला गूळ, दोन चमचे तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ, वेलची. दूध उकळून कोमट होऊ द्या, मगच त्यात गूळ विरघळवा. उकळत्या दुधात घातला तर दूध फाटतं. पाण्याचा थेंब न घालता साधारण वाटीभर दुधात लागेल तसं घट्ट भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा. पोळीपेक्षा जरा जाड लाटून मंद आचेवर भाजा, कारण आच मोठी असली की गूळ करपतो आणि आतून कणीक कच्ची राहते. भाजल्यावर सुती कापडावर एकेक पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम दशम्या एकावर एक रचल्या की वाफेचं पाणी सुटतं आणि दुसऱ्या दिवशी बुरशीचा वास येतो. थंडीच्या दिवसांत अशा दशम्या दोन दिवस मऊ राहतात. जोडीला तूप आणि केळी. ज्याची साल आपण सोलतो ते फळ प्रवासात सगळ्यात निर्धास्त, फक्त गाडीत बंद डब्यात ठेवा.

धाब्यावर जेवायचं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा की फोडणी घालण्याआधी वाटीभर वरण वेगळं काढून द्या. फोडणी पडल्यावर तिखट कमी करता येत नाही. कापलेली काकडी-कांदा, उघडी चटणी, ताक, बर्फ हे मुलांना देऊ नका.

पाणी उकळून गार केलेलं, चौघा-पाच जणांना दिवसाला आठ ते दहा लिटर, त्यातलं निम्मं मागे हाताशी. मूल मागत नाही म्हणून विसरू नका. थंड हवेत तहान कळत नाही आणि एसीने अंग कोरडं पडतं. दर अर्ध्या तासाला दोन-चार घोट. धाकट्याचा लंगोट सहा तास कोरडा राहिला किंवा मुलीची लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. ओआरएसची पुडी घेताना तिच्यावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेला पाहा. मोठी पुडी एक लिटरची असते, लहान २०० मिलिलिटरची. अर्ध्या पाण्यात पूर्ण पुडी घातली तर मिठाचं प्रमाण दुप्पट होतं आणि जुलाब वाढू शकतात. कालवलेलं २४ तासांनी फेकून द्या. फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

औषधांच्या पिशवीत एक गोष्ट नीट करा : तापाचं पॅरासिटामॉल. मात्रा वजनावर असते, एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत आणि दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास. ११ किलोच्या मुलाला हे साधारण १६५ मिलिग्रॅम होतात. ते १२५ च्या (म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेल्या) सिरपचे साडेसहा मिलिलिटर, पण २५० च्या सिरपचे सव्वातीनच. थेंबांच्या बाटलीत तर एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतं. वाटेतल्या दुकानातून वेगळ्या ताकदीची बाटली घेऊन घरच्या सवयीने 'एक टोपण' पाजलं जातं, आणि घोटाळा होतो तो इथे. घरचीच बाटली न्या आणि डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घेतलेली मात्रा तिच्यावर चिकटवा. बाकी ओआरएसच्या चार पुड्या, थर्मामीटर, जखमेची मलमपट्टी, आजींच्या रोजच्या गोळ्या तीन दिवसांच्या. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर संकटात ११२ हे क्रमांक लक्षात असू द्या.

गाडीचं काम दोन दिवस आधी. चालकाच्या दारापाशी खांबावर टायरच्या हवेचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यातला पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा पाहा, रिकाम्या गाडीचा नव्हे. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. चालून तापलेल्या टायरमधली हवा वाढलेली दिसते म्हणून सोडू नका, थंड झाल्यावर ती कमी पडेल. स्टेपनीची हवा बहुतेक जण विसरतात. टायरच्या अंगावर शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर नक्षी शिल्लक असली तरी तज्ज्ञ माणसाला दाखवा. कूलंटची पातळी इंजिन थंड असतानाच पाहा, तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर वाफ तोंडावर येते. ब्रेक पॅडची जाडी तपासून घ्या, कारण उतरताना सगळी भिस्त त्यावरच.

मागच्या काचेखालच्या फळीवर स्टीलचा डबा, पाण्याची बाटली, छत्री काही ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की ते थेट मुलांच्या डोक्याकडे येतं. जड सामान डिकीत तळाशी. हाताशी फक्त एक पिशवी : लंगोट, पुसण्या, एकेक कपड्यांचा जोड, खाऊ, पाणी. मागच्या दोन्ही दारांचं चाइल्ड लॉक लावा. रस्त्याकडेला थांबताना मूल नेहमी डाव्या दारानेच उतरवा-चढवा, शूसाठी दोन मिनिटं थांबलात तरी.

आणि थांब्यावर चहा प्यायला उतरताना 'झोपलंय, राहू दे' म्हणून मूल गाडीत ठेवू नका. काचा बंद करून उन्हात उभी गाडी दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी तापते, आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. डिसेंबरातलं दुपारचं ऊनही त्याला पुरेसं आहे. बालआसनाचं धातूचं कुलूपही तापतं. बसवण्याआधी हात लावून पाहा.

शहाद्यात टाकी भरा, थोडी रोख रक्कम काढा, आणि तोरणमाळपर्यंतचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. पुढे मोबाइलची रेंज भरवशाची नाही. मुक्कामाची खोली आधी आरक्षित केलेलीच हवी. एमटीडीसीचं, म्हणजे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं, निवासस्थान तोरणमाळला आहे. खोली मागताना तळमजल्याची, गरम पाण्याची सोय असलेली मागा. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, शहाद्यापेक्षा सुमारे एक किलोमीटर वर. दिवसा ऊन सुखाचं असतं, पण सूर्य मावळला की गारठा एकदम उतरतो. मुलांना दोन पातळ थर, वर स्वेटर, टोपी आणि मोजे. धाकट्याला रजईत डोकं झाकून झोपवू नका. झोपताना गादी भिंतीपासून हातभर सरकवा, आणि सकाळी बूट झटकून मगच घाला, विंचवाचा परिसर आहे. विंचू चावून मुलाला घाम, उलट्या, हातपाय गार असं काही झालं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, थेट सरकारी रुग्णालय गाठा. लहान मुलात विषाचा परिणाम हृदयावर लवकर होतो.

वर पोचल्यावर दुपारी काही पाहायचं ठेवू नका. जेवण, झोप, आणि चारनंतर यशवंत तलाव. काठाला कठडा प्रत्येक ठिकाणी नाही, म्हणून धाकटा एका मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरात हवा, आणि ते माणूस कोण हे नाव घेऊन ठरवा. 'सगळे बघताहेत' म्हणजे कुणीच बघत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सीताखाई. दरीच्या कडेला मुलगी हात धरून आणि धाकटा कडेवर किंवा पाठीवरच्या झोळीत. लहानांना एवढं पुरतं. तळ्याकाठचे खडे आणि माकडं यातच त्यांचा आनंद असतो. फक्त माकडांसमोर हातात खाऊ देऊ नका.

नऊला उतरायला सुरुवात करा. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, जळका वास येतो आणि पायाखाली पेडल मऊ लागतं. तसं झालं तर सपाट जागी अर्धा तास थांबा, चाकांवर पाणी ओतू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. प्रवाशांनी भरलेल्या जीप वळणावर रस्त्याच्या मधोमध येतात, म्हणून प्रत्येक आंधळ्या वळणाआधी हॉर्न वाजवा. उतरतानाही मुलगी रिकाम्या पोटी नको. पावणेअकराला शहादा, साडेबाराला शिरपूरला जेवण, आणि चारच्या आत जळगाव. सूर्य मावळायला तेव्हा दोन तास बाकी असतील. पंक्चर झालं तरी अंधार पडणार नाही.

आता वगळलेली ठिकाणं. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला भरते, मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास. तुमच्या तारखा त्यात येत असतील तर दुसऱ्या दिवशी शहाद्याहून परतताना ते एकच ठिकाण जोडा आणि तिथून दोंडाईचामार्गे धुळ्यावरून परता. मग तोरणमाळहून आठलाच निघा आणि घरी पोचायला संध्याकाळ होईल हे धरून चाला. घोडे सुंदर असतात, पण गर्दीत बिथरतात. मुलांना घोड्याच्या मागून कधीही नेऊ नका, मागच्या पायांपासून निदान बारा-पंधरा फूट लांब. मुलीच्या मनगटावर पेनाने तुमचा फोन नंबर लिहा आणि त्या दिवशीच्या कपड्यांत तिचा फोटो सकाळीच काढून ठेवा.

प्रकाशा शहाद्याहून नंदुरबारच्या दिशेला आहे, तुमच्या वाटेवर नाही. तापीकाठची देवळं आजींना पाहायची असतील तर त्यासाठी वेगळा दिवस काढा. उनपदेव नावाची गरम पाण्याची दोन ठिकाणं आहेत, एक शहाद्याजवळ दरा गावापाशी आणि दुसरं चोपडा तालुक्यात अडावदजवळ. नकाशात नाव टाकताना तालुका पाहून टाका, नाहीतर गाडी भलतीकडे जाते. अडावदचं उनपदेव जळगावहून एखाद्या रविवारी सकाळी जाऊन दुपारी परत येण्याजोगं आहे, एरंडोलजवळचं पद्मालयचं गणपतीचं देऊळही तसंच. उनपदेवला मुलांना पाण्यात सोडण्याआधी कोपर बुडवून पाहा. आपल्या तळहाताला कोमट लागणारं पाणी त्यांच्या कातडीला पोळू शकतं.